वही कोणाकडे आहे? क्रिप्टोत पाय ठेवण्याआधी

मी दादरला एका करसल्लागाराच्या ऑफिसात बसतो. जुलै आला की विवरणपत्र भरून घ्यायला लोकांची रांग लागते, आणि गेल्या तीन-चार वर्षांत त्या रांगेत एक नवं वाक्य कानावर पडू लागलंय: "थोडं डिजिटलमध्ये पण टाकलंय." डिजिटल म्हणजे नेमकं काय, असं विचारलं की समोरचा मोबाइल पुढे करतो. त्यात कधी अर्धा ग्रॅम सोनं असतं, कधी चार शेअर, कधी बिटकॉइनचा एखादा कण, कधी नुसते रिवॉर्ड पॉइंट. माझ्या भाच्याच्या मोबाइलमध्ये हे चारही प्रकार होते, सारख्याच हिरव्या आकड्यांत. त्याला चारही एकाच जातीचे वाटत होते. त्याचं फार चुकलं असंही नाही, पडद्यावर ते दिसतातच सारखे.

त्याला समजावताना जे बोललो तेच इथे पायरी-पायरीने लिहितोय. क्रिप्टो, म्हणजे बिटकॉइन आणि तसली नाणी, घ्या किंवा घेऊ नका, हे मी सांगणार नाही. माझं मत मधेमधे डोकावेल, ते सोडून द्या.

पायरी 1: आधी भिशी आठवा

आमच्या गिरगावच्या चाळीत बारा जणींची भिशी होती. महिन्याला प्रत्येकी पाचशे, म्हणजे सहा हजार जमायचे आणि जिची चिठ्ठी निघेल तिला मिळायचे. हिशेबाची वही दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे. कोणी भरले, कोणाचे राहिले, कोणाची उचल झाली, सगळं त्या वहीत. पैसे रोख असले तरी भिशी चालायची ती वहीवर, आणि वहीवर विश्वास होता तो काकूंमुळे.

तुमचं बँक खातं ही अशीच एक वही आहे. खात्यात 40 हजार आहेत म्हणजे तिजोरीत तुमच्या नावाचं पाकीट ठेवलेलं नसतं. बँकेने तुमच्या नावापुढे 40 हजार लिहिलेले असतात, एवढंच. शेअर, म्युच्युअल फंड, मेट्रोच्या कार्डातली शिल्लक, सगळ्या नोंदीच. म्हणून कुठलीही डिजिटल वस्तू समोर आली की दोनच प्रश्न विचारा. वही कोणाकडे आहे? आणि नोंद चुकली तर भांडायला कोणाच्या दारात जायचं?

पायरी 2: काकूंशिवायची भिशी

आता समजा, काकूंकडे वही न ठेवता बाराही जणींनी आपापली वही ठेवली. चिठ्ठी निघाली की गॅलरीतून ओरडून सांगायचं आणि प्रत्येकीने लिहून घ्यायचं. एकीने खाडाखोड केली तर बाकीच्या अकरा वह्या तिला खोटं पाडतील. बारा जणींत हे जमेल, कारण सगळ्या एकमेकींना ओळखतात. पण जगभर पसरलेल्या हजारो अनोळखी लोकांत, ज्यातले काही मुद्दाम खोटं लिहिणारे असणार, हे कसं जमवायचं?

अडचण मोठी आहे. तुम्ही मला व्हॉट्सॲपवर गणपतीचा फोटो पाठवलात तर तो माझ्याकडे येतो आणि तुमच्याकडेही राहतो. फोटोच्या बाबतीत चालतं, पैशाच्या बाबतीत चालत नाही. एकच शंभराची नोट दोघांना देता आली तर ती नोट कसली? म्हणून आजवर कोणीतरी एक मधला माणूस लागायचा, जो सांगेल की याने ही नोट आधीच दिलेली आहे.

31 ऑक्टोबर 2008 रोजी सातोशी नाकामोतो या नावाने नऊ पानांचा एक मसुदा इंटरनेटवर आला. हा माणूस कोण, की अनेक जण मिळून, हे आजतागायत उघड झालेलं नाही. मधल्या माणसाशिवाय ही वही कशी चालवता येईल, याची युक्ती त्या मसुद्यात होती. 3 जानेवारी 2009 रोजी बिटकॉइनचं पहिलं पान लिहिलं गेलं. लंडनच्या एका वर्तमानपत्रातला त्या दिवशीचा मथळा त्यात कायमचा कोरलेला आहे, आणि तो बँकांना सरकारने दिलेल्या आधाराबद्दलचा आहे. टोमणा कोणाला होता ते कळलंच असेल.

युक्ती अशी. साधारण दर दहा मिनिटांनी तोवरच्या व्यवहारांचं एक पान तयार होतं. त्याला ब्लॉक म्हणतात. प्रत्येक नव्या पानावर आधीच्या पानाचा ठसा उमटवलेला असतो, त्यामुळे पानं साखळीसारखी एकमेकांत अडकतात. म्हणून ब्लॉकचेन. जुन्या पानावरचा एक आकडा जरी बदलला तरी त्या पानाचा ठसा बदलतो आणि पुढचं प्रत्येक पान बेसूर होतं. नवं पान कोण लिहिणार हे ठरवायला स्पर्धा असते. संगणकांनी अब्जावधी आकडे चाचपून अटीत बसणारा एक आकडा शोधायचा. ज्याला आधी सापडेल तो पान लिहितो आणि त्याला बक्षीस म्हणून नवे बिटकॉइन मिळतात. याला मायनिंग म्हणतात. खोटं पान लिहायचं तर बाकी सगळ्यांपेक्षा जास्त वीज आणि यंत्रं जाळावी लागतील. थोडक्यात, खोटं बोलणं अशक्य केलेलं नाही, परवडणार नाही इतकं महाग केलंय.

बक्षीस सुरुवातीला 50 बिटकॉइन होतं. दर 2 लाख 10 हजार पानांनंतर ते निम्मं होतं. एप्रिल 2024 पासून ते 3.125 आहे. एकूण बिटकॉइन 2 कोटी 10 लाखांच्या वर जाणार नाहीत, आणि त्यातले बहुतेक निघूनही झालेत. एका बिटकॉइनचे 10 कोटी भाग पडतात, त्या भागाला सातोशी म्हणतात. म्हणजे घ्यायचा तर अख्खाच बिटकॉइन घ्यावा लागतो, त्यासाठी लाखो रुपये हवेत, हा गैरसमज आहे; शंभर-पाचशे रुपयांचा कणही घेता येतो.

दुसरं मोठं नाव इथेरियम, 2015 पासूनचं. त्याच्या वहीत नुसती देवघेव लिहीत नाहीत, अटीही लिहिता येतात: अमुक घडलं तर तमुक रक्कम आपोआप तिकडे जावी. सप्टेंबर 2022 मध्ये त्यांनी वीज जाळणारी स्पर्धा बंद केली. आता पान लिहू इच्छिणाऱ्याला 32 इथर (इथेरियमची नाणी) अनामत ठेवावे लागतात आणि लबाडी केली तर अनामत कापली जाते. विजेचा खर्च 99 टक्क्यांहून जास्त कमी झाला.

पायरी 3: मोबाइलमधली बाकीची भावंडं ओळखा

इथे जरा सावकाश वाचा, गल्लत इथेच होते.

यूपीआय ही मालमत्ता नाही. तो रस्ता आहे. 2016 मध्ये हा रस्ता सुरू झाला, तो बांधणारं राष्ट्रीय देयक महामंडळ आपल्या वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. भाजीवाल्याला 60 रुपये स्कॅन केले तर तुमच्या बँकेच्या वहीतून 60 वजा आणि त्याच्या बँकेच्या वहीत 60 जमा. पैसे तेच, जुनेच.

ई-रुपया मात्र खरोखर वेगळा. तो रिझर्व्ह बँकेने काढलेला रुपयाच आहे, फक्त कागदाऐवजी मोबाइलमध्ये. किरकोळ वापरासाठीचा प्रयोग 1 डिसेंबर 2022 रोजी मुंबई, नवी दिल्ली, बंगळुरू आणि भुवनेश्वर या चार शहरांत सुरू झाला. रिझर्व्ह बँकेच्या मुख्यालयाजवळच्या एका फळवाल्याकडेही तो घेतला जात होता. नोटांप्रमाणेच त्याच्या ठरावीक किमती असतात आणि त्यावर व्याज मिळत नाही. वही रिझर्व्ह बँकेची, वचन रिझर्व्ह बँकेचं. उद्याही शंभराचे शंभरच. "सरकारने काढलेला बिटकॉइन" असं कोणी म्हणालं तर हसून सोडून द्या. दोन्हींत साम्य इतकंच की दोन्ही खिशात खुळखुळत नाहीत.

शेअरची गोष्ट मुंबईकराला सांगायची गरज नसावी, पण तुलनेसाठी सांगतो. एकेकाळी शेअर म्हणजे कागद होता. सही जुळत नाही म्हणून परत यायचा, टपालात हरवायचा. 1996 च्या कायद्यानंतर डिपॉझिटरी, म्हणजे शेअरची वही सांभाळणाऱ्या संस्था, आल्या आणि कागदाची नोंद झाली. तुमचा ब्रोकर उद्या दुकान बंद करून पळाला तरी तुमचे शेअर एनएसडीएल किंवा सीडीएसएल यांच्या वहीत तुमच्याच नावावर असतात. वर शेअर बाजारावर नजर ठेवणारी सेबी बसलेली. शिवाय शेअरमागे कंपनी असते, तिचा नफा असतो, कधी लाभांश येतो. बिटकॉइनमागे कंपनी नाही, नफा नाही, भाडं नाही, व्याज नाही. त्याची किंमत म्हणजे पुढचा माणूस किती द्यायला तयार आहे तेवढी. नोव्हेंबर 2021 मध्ये पुढचा माणूस 69 हजार डॉलरच्या आसपास देत होता. वर्षभराने तोच 16 हजारही द्यायला तयार नव्हता. नंतर भाव पुन्हा वर गेला हे खरंय, पण मधल्या वर्षात मुलीच्या फीसाठी विकावं लागलेल्या माणसाला त्याचा काय उपयोग?

डिजिटल सोनं हा फसवा नातेवाईक. नाव डिजिटल असलं तरी त्याचा क्रिप्टोशी संबंध नाही. एखादी कंपनी तुमच्या नावाने तिजोरीत सोनं ठेवल्याचं सांगते आणि तिच्या वहीत नोंद करते. नोव्हेंबर 2025 मध्ये सेबीने सांगितलं की ही योजना तिच्या देखरेखीत येत नाही. गोल्ड ईटीएफ, म्हणजे शेअर बाजारात शेअरसारखे विकले जाणारे सोन्याचे फंड, मात्र येतात. दोन्ही सोनंच, पण भांडायला दार एकाच ठिकाणी आहे.

स्टेबलकॉइनवर नवखे हमखास फसतात. यूएसडीटीसारखं नाणं एका डॉलरला बांधलेलं असतं, म्हणून लोकांना ते "सुरक्षित क्रिप्टो" वाटतं. वही सार्वजनिक असते हे खरं, पण डॉलर परत देण्याचं वचन एका कंपनीचं असतं आणि ती कंपनी एखाद्या पत्त्यावरची (पत्ता म्हणजे त्या वहीतला खाते क्रमांकच) नाणी गोठवूही शकते. म्हणजे काकू मागच्या दाराने परत आल्या. काही स्टेबलकॉइनमागे तर डॉलरही नसतात, नुसतं गणित असतं. टेरायूएसडी त्यातलंच एक, मे 2022 मध्ये काही दिवसांत ते मातीमोल झालं.

एनएफटी म्हणजे एकमेव असलेली नोंद. एक बिटकॉइन दुसऱ्यासारखाच, पण एक एनएफटी दुसऱ्यासारखा नसतो. मार्च 2021 मध्ये एक डिजिटल चित्र लिलावात 6.9 कोटी डॉलरला गेलं तेव्हा सगळे तिकडे धावले. नोंद घेतली म्हणजे चित्राचे हक्क आपोआप मिळत नाहीत, एवढं कळलं तरी नवख्याला पुरे.

आणि रिवॉर्ड पॉइंट? दुकानदाराच्या वहीतली उधारी. त्याची मर्जी फिरली की संपली.

पायरी 4: किल्ली कोणाकडे?

झवेरी बाजार, भुलेश्वर भागात आंगडियांचा धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालतो. रक्कम दुसऱ्या शहरात पोचवायची तर ओळख म्हणून एखाद्या दहाच्या नोटेचा नंबर कळवतात. तिकडे ती नोट जो दाखवेल त्याच्या हातात रोकड. नाव-गाव कोणी विचारत नाही. क्रिप्टोतली प्रायव्हेट की, म्हणजे नाणी हलवायची गुप्त किल्ली, ही ती दहाची नोट आहे. ती ज्याच्याकडे, नाणी त्याची. फरक एवढाच की आंगडियाकडे गोंधळ झाला तर शेठला गाठून आरडाओरडा करता येतो, इथे शेठच नाही.

स्वतःचं वॉलेट, म्हणजे किल्ली सांभाळणारं ॲप, उघडलं की बारा किंवा चोवीस शब्द मिळतात, सीड फ्रेज. त्या शब्दांतून किल्ली पुन्हा तयार होते. मोबाइल लोकलमध्ये चोरीला गेला तरी शब्द असतील तर सगळं परत मिळतं, शब्द गेले तर काहीच मिळत नाही. पासवर्ड विसरला म्हणून ओटीपी मागवायची सोय नाही. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी ते बारा शब्द कालनिर्णयच्या पानामागे लिहिले होते, दुधाच्या हिशेबाशेजारी. मोबाइलमध्ये ठेवू नका हे त्यांनी नीट ऐकलं होतं. जानेवारीत नवं कालनिर्णय खिळ्यावर चढलं आणि जुनं रद्दीवाल्याकडे गेलं. दूधवाल्याचे पैसे तेवढे चुकते झाले.

कागदावर लिहा, दोन प्रती करा, घरातल्या महत्त्वाच्या कागदांच्या फाइलमध्ये ठेवा. फोटो काढू नका, स्वतःला व्हॉट्सॲप करू नका. कोणीही, अगदी "कस्टमर केअर" म्हणवणाऱ्यानेही, हे शब्द मागितले तर तो चोर आहे. याला अपवाद नाही.

बहुतेक नवखे मात्र वॉलेटच्या वाटेला जातच नाहीत. ते एक्स्चेंजवर, म्हणजे क्रिप्टोची खरेदी-विक्री करून देणाऱ्या कंपनीच्या ॲपवर, खरेदी करतात आणि नाणी तिथेच राहू देतात. म्हणजे किल्ली एक्स्चेंजकडे. तुमच्या ॲपवर दिसतो तो एक्स्चेंजच्या खाजगी वहीतला आकडा, ब्लॉकचेनवर तुमचं नाव कुठेच नसतं. काकू टाळायच्या म्हणून निघालो आणि अनोळखी काकूंकडे वही दिली. 18 जुलै 2024 रोजी वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजच्या वॉलेटमधून सुमारे 23 कोटी डॉलरची नाणी चोरीला गेली आणि लाखो खातेदारांचे पैसे वर्षाहून जास्त काळ अडकले. 2022 मध्ये एफटीएक्स हे जगातल्या सर्वांत मोठ्यांपैकी एक एक्स्चेंज दिवाळखोरीत गेलं.

बँका बुडत नाहीत असंही नाही. सप्टेंबर 2019 मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा आधी फक्त हजार रुपये काढता येत होते, आणि शाखांबाहेरचं ते दृश्य मुंबई विसरलेली नाही. पण बँकठेवीला विमा असतो, तेव्हा 1 लाखाचा होता, फेब्रुवारी 2020 पासून 5 लाखांचा आहे. क्रिप्टोला असा विमा नाही.

पायरी 5: तरीही घ्यायचंच असेल

कायद्याचं आधी. रिझर्व्ह बँकेने एप्रिल 2018 मध्ये बँकांना क्रिप्टो व्यवसायांना सेवा देण्यास मनाई केली होती. सर्वोच्च न्यायालयाने 4 मार्च 2020 रोजी ती रद्द केली. त्यामुळे खरेदी-विक्रीवर बंदी नाही, पण क्रिप्टो हे कायदेशीर चलनही नाही. वाण्याने बिटकॉइन नाकारला तर त्याचं चुकत नाही.

मार्च 2023 पासून एक्स्चेंजना मनी लाँडरिंगविरोधी कायदा लागू झाला आणि सरकारच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे नोंदणी आवश्यक झाली. नोंदणी असलेलंच एक्स्चेंज निवडा. पण जाहिरातीत या नोंदणीचा "सरकारमान्य" असा अर्थ लावतात तो चुकीचा. नोंदणी म्हणजे ते तुमची केवायसी घेतात आणि संशयास्पद व्यवहार कळवतात. तुमचे पैसे सुरक्षित राहतील याची ती हमी नाही.

पॅन आणि स्वतःच्याच नावाचं बँक खातं जोडा. पहिली खरेदी इतकी लहान ठेवा की पूर्ण बुडाली तरी महिन्याचं बजेट हलणार नाही. कर्ज काढून किंवा भिशीची उचल टाकून तर मुळीच नको. नाणी कुठे पाठवायची असतील तर पत्ता हाताने टाइप करू नका, कॉपी करा आणि सुरुवातीची-शेवटची अक्षरं पडताळा. आधी अगदी थोडी रक्कम पाठवून बघा, पोचली की मग उरलेली. एकच नाणं वेगवेगळ्या नेटवर्कवर, म्हणजे वेगवेगळ्या ब्लॉकचेनवर, चालतं. चुकीचं नेटवर्क निवडलं तर पैसे अधांतरी लटकतात, आणि चुकीच्या पत्त्यावर गेलेले परत बोलावता येत नाहीत.

टेलिग्रामवर कोणी "थेट माझ्याकडून घे, स्वस्तात देतो" म्हणालं तर लांब राहा. स्वस्त आहे म्हणून नव्हे. त्या साखळीत कोणाच्या तरी फसवणुकीचे पैसे फिरत असतील आणि ते तुमच्या खात्यात आले, तर पोलिसांच्या सूचनेवरून बँक तुमचं खातं गोठवते. आमच्या ऑफिसात असा एक मुलगा आला होता. नाणी विकून मिळालेले सात हजार आणि गोठलेला अख्खा पगार, दोन्ही एकाच खात्यात.

महिन्याला ठरलेला परतावा म्हणणारी कुठलीही क्रिप्टो योजना तिथल्या तिथे सोडा. गेनबिटकॉइन ही योजना आठवते का? दीड वर्ष महिन्याला 10 टक्के, तेही बिटकॉइनमध्ये, असं आमिष होतं. 2018 मध्ये पुण्यात गुन्हे दाखल झाले. बिटकॉइनच्या वहीत असा ठरावीक परतावा देणारा कोणी बसलेलाच नाही, हे पायरी 2 वाचलेल्याला सांगावं लागू नये. फसवणूक झालीच तर लाज बाळगत बसू नका, लगेच 1930 वर फोन करा. पहिल्या काही तासांत पैसे बँकांच्या साखळीत असतानाच अडवता येतात, एकदा त्यांची नाणी झाली की पकडणं फार अवघड.

पायरी 6: कर, म्हणजे माझा प्रांत

2022 च्या अर्थसंकल्पाने क्रिप्टो आणि एनएफटी यांना "आभासी डिजिटल मालमत्ता" असं नाव दिलं आणि नफ्यावर सपाट 30 टक्के कर लावला, वर 4 टक्के सेस. पगार कमी आहे किंवा वर्षभर सांभाळून ठेवलं होतं, म्हणून दर कमी होत नाही. वजावट फक्त खरेदी किमतीची मिळते. एक्स्चेंजची फी, त्यावरचा 18 टक्के जीएसटी, इंटरनेटचं बिल, काही नाही.

खरा चटका तोट्याला बसतो. समजा, एक नाणं 50 हजारांना घेऊन 80 हजारांना विकलं: नफा 30 हजार. दुसऱ्या नाण्यात 25 हजार गेले. तुमच्या खिशात उरले 5 हजार. पण एका नाण्याचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही, पुढच्या वर्षीही ओढता येत नाही. कर 30 हजारांवरच: 9,000 अधिक सेस 360, एकूण 9,360. म्हणजे 5 हजार कमावून 4,360 रुपयांनी तुम्ही खड्ड्यात. हे गणित मांडलं की टेबलापलीकडचा माणूस दोनदा कॅल्क्युलेटर मागतो.

याशिवाय 1 जुलै 2022 पासून विक्रीच्या रकमेवर 1 टक्का टीडीएस कापतात. वरच्या 80 हजारांवर 800 रुपये. तोट्यात विकलं तरी कापतात, कारण तो नफ्यावर नाही, रकमेवर आहे. विवरणपत्र भरलं की तो करात वळता होतो, न भरणाऱ्याचा तो गेलाच. एक नाणं देऊन दुसरं घेतलं, रुपयाला हात लावला नाही, तरी ती विक्रीच धरतात. ही चूक आमच्याकडे येणाऱ्या दर दुसऱ्या पोराने केलेली असते.

क्रिप्टोचा व्यवहार असेल तर साधा आयटीआर-1 चालत नाही, 2 किंवा 3 भरावा लागतो आणि त्यात प्रत्येक व्यवहाराची खरेदी-विक्रीची तारीख आणि रक्कम द्यावी लागते. म्हणून दर मार्चअखेर एक्स्चेंजवरून वर्षभराच्या व्यवहारांची फाइल उतरवून घ्या आणि स्वतःच्या मेलवर, शिवाय पेन ड्राइव्हवर ठेवा. जुलैत काढू म्हणून थांबू नका. मधल्या तीन महिन्यांत एक्स्चेंजने शटर ओढलं तर ती फाइल मागायला तुम्ही माझ्या टेबलाशी याल, आणि माझ्याकडे ती नसेल.